मरळ आहे, पिल्लं नाहीत: अनेरकाठच्या एका पाझर तलावाचं प्रकरण

शिरपूर आणि चोपडा या दोन तालुक्यांच्या मधून अनेर वाहते. तिच्या अलीकडच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, 1972 च्या दुष्काळी कामांवर खोदलेला एक पाझर तलाव आहे. गावाचं नाव देत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी जे मोकळेपणाने सांगितलं, ते त्यांच्याच अंगलट यायला नको. तलावाच्या वरच्या अंगाला कपाशी, बागायत आहे तिथे केळी, रब्बीला मका. सांडव्याच्या बाजूला भोयांची पाच-सहा घरं. त्यातल्या एका घरात आप्पा राहतात. वय सत्तरीच्या पुढे.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी घेऊन गेलो होतो, पाण्यातले किडे मोजायला. आप्पा बांधावर जाळं शिवत बसले होते. मुलांच्या बाटल्या, चाळण्या बघून त्यांनी हाक मारली आणि एकच वाक्य बोलले: "मास्तर, मरळ शे, पन पिलं कोठे गयात?"

मी शहाणपणा केला. म्हटलं, आप्पा, कटला-रोहू-मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना वाहती नदी लागते, म्हणून तर तुमची मच्छीमार सोसायटी दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कटलानं नही सांगी ऱ्हायनू. मरळनं सांगी ऱ्हायनू." मुलं हसली. हसणं रास्त होतं.

मरळ तलावातच वाढते आणि तलावातच विते. पाऊस सुरू झाला की काठच्या गवतात नर-मादी मिळून जागा साफ करतात, अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिल्लं बाहेर आली की त्यांचा लालसर-केशरी घोळका पृष्ठभागाशी वळवळत फिरतो. खाली आईबाप पहाऱ्यावर. पाण्यात कुणी कुंकवाचा करंडा सांडावा तसा तो गोळा लांबून दिसतो. पिल्लांवर असलेली मरळ मारायची नाही हा आप्पांच्या घरातला जुना नेम. म्हणून दर आषाढ-श्रावणात ते असे गोळे शोधतात, तिथून जाळी लांब ठेवतात आणि प्रत्येक गोळ्यामागे सुतळीला एक गाठ मारतात. वर्षाची एक सुतळी. झोपडीच्या आढ्याला त्या सगळ्या लटकवलेल्या आहेत. जुन्या सुतळ्यांना बोटाबोटावर गाठी. अलीकडच्या सुतळ्या जवळजवळ सरळ, आणि शेवटच्या दोन तर कोऱ्याच.

मी पाहिलेली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक नोंदवही. आमच्या कॉलेजात अशी एकही नाही.

मेलेलं काय आहे?

आप्पांनी हे आधी सोसायटीत सांगितलं होतं, मग एका कार्यालयातही जाऊन आले होते. तिथे विचारलं गेलं: मासे मेले का? नाही म्हटल्यावर विषय मिटला. त्यात त्या माणसाचा फार दोष नाही. पंचनाम्याला मेलेलं काहीतरी लागतं. किती किलो, कोणत्या जातीचे, कुठे तरंगत होते. जे जन्मालाच आलं नाही त्याचा रकाना कोणत्याच कागदावर नसतो. आप्पांचं त्यावरचं भाष्य असं: "मरी जातात तं बरं व्हतं, कोनीतरी देखाले येतं."

गावातल्या कृषी केंद्रावर मी विचारलं तर दुकानदारही तेच म्हणाला, जरा वेगळ्या शब्दांत. "सर, लेबलवरच्या डोसला मासा मरत नाही." खरं आहे. माशांवरची तीव्र विषारीपणाची ठरलेली चाचणी 96 तासांची असते. चार दिवसांत निम्मे मासे कोणत्या प्रमाणाला मरतात ते त्यात बघतात. पाचव्या दिवशी तो मासा जिवंत असला की त्या चाचणीपुरता तो ठणठणीत. पुढच्या पावसाळ्यात त्याला पिल्लं होतील का, हे ती विचारतच नाही. दुकानदार खोटं बोलत नव्हता. माझा प्रश्नच वेगळा होता.

संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांचं हेच दुखणं आहे. शरीरातलं संप्रेरक म्हणजे गावातली दवंडी. डफ वाजवणारा एकच, आवाजही बेताचा, पण ती ऐकून अख्खं गाव कामाला लागतं. इस्ट्रोजेनची दवंडी फिरली की मादीच्या यकृतात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनायला लागतं. टेस्टोस्टेरॉनची फिरली की नराच्या वृषणात शुक्राणू पिकतात. आता कुणी तोतया डफ घेऊन चुकीच्या दिवशी फिरला तर? कुणी मरत नाही. कुणाचं घर जळत नाही. फक्त नराचं यकृत अंड्याचा बलक बनवू लागतं, जो त्याच्या काही कामाचा नाही.

संशयित

मुलांना लगेच कीटकनाशकं धरायची होती. मी अडवलं, कारण आप्पांचं वाक्य जितकं खरं होतं तितकीच त्याची दहा कारणं शक्य होती.

पहिला संशय चिलापीवर. हा आफ्रिकेतला मासा आपल्या तलावांत आता घरचाच झालाय. भराभर वाढतो, काठची जागा बळकावतो, दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो. या तलावात चिलापी भरपूर. दुसरा संशय पाण्याच्या पातळीवर: वर विहिरी आणि बोअर वाढल्या, गाळ साचला, उन्हाळ्यात तलाव डबक्यावर येतो. पण मरळ हवेतून श्वास घेणारी. चिखलातही दिवस काढते. मोठ्या मरळी दिसत राहिल्या याचं एक कारण तिचा हा चिवटपणाही असू शकतो. तिसरा, चोरटी मासेमारी. आप्पांनी तो हात झटकून बाजूला सारला. आम्ही सारला नाही, पण फार ताणलाही नाही.

मग फवारणी. मरळीच्या विणीचा काळ आणि कपाशीच्या फवारणीचा काळ एकच. जूनमध्ये पेरणी, जुलै ते सप्टेंबर फवारे. पाठीवरचा पंप धुवायची सोयीची जागा कोणती, तर सांडवा. दोन दिवस आम्ही फक्त बांधावर बसून राहिलो आणि पंप धुवायला कोण कोण येतं ते बघितलं. सगळेच येत होते. त्यात माझा एक माजी विद्यार्थीही होता. तो ओशाळला, आणि त्याला बघून मीही.

त्या पाण्यात काय उतरत असेल याची यादी करताना मुलांना वाटलं की सगळा दोष बाटलीवर कवटीचं चित्र असलेल्या औषधांचा. जुनी औषधं तशी होतीच. बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी देशातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे 5 टक्क्यांवर कपाशी होती आणि शेतीतली जवळपास निम्मी कीटकनाशकं ती एकटी पीत होती. बोंडअळीवर एंडोसल्फान मारलं जाई, लाल कोळ्यावर डायकोफॉल. एंडोसल्फान 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं, डायकोफॉलवर 2023 मध्ये बंदी आली. डायकोफॉल तर बनतंच डीडीटीपासून, आणि डीडीटीचा अंश त्यात उरतो. ही कुळी गाळात आणि चरबीत वर्षानुवर्षं बसून राहते. बंदी कागदावर एका दिवसात येते, गाळाला ती कळायला वेळ लागतो.

मक्यावर मारतात ते अॅट्राझिन हे तणनाशक. टायरोन हेज या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने 2002 मध्ये दाखवलं की पाण्यात अब्जात 0.1 भाग इतकं अॅट्राझिन असलं तरी आफ्रिकी बेडकांच्या नरांमध्ये जननग्रंथींची वाढ बिघडते. 2010 च्या त्यांच्या प्रयोगात अब्जात 2.5 भाग अॅट्राझिन असलेल्या पाण्यात वाढलेल्या, जनुकांनी नर असलेल्या बेडकांपैकी दहा टक्के चक्क माद्या झाल्या आणि त्यांनी अंडीही घातली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2007 मध्ये याच्या उलट निष्कर्ष काढला होता. वाद अजून मिटलेला नाही. मी वर्गात दोन्ही बाजू सांगतो. एकाच बाजूचं सांगून टाळ्या घेणं सोपं आहे, पण मग मुलं पुढचा निबंध वाचून माझ्यावरच अविश्वास दाखवतात.

मला मात्र सगळ्यात जास्त खटकली ती वेगळीच बाटली: स्टिकर. औषध पानावर पसरावं, चिकटावं म्हणून टाकीत टोपणभर ओततात ते. शेतकरी त्याला औषध मानतच नाही, साबणासारखं काहीतरी म्हणतो. जगभर अशा मिश्रणांत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाचा घटक सर्रास वापरला गेला. पाण्यात आणि गाळात तो मोडतो आणि त्यातून नोनिलफिनॉल सुटतं, जे इस्ट्रोजेनची नक्कल करतं. हे कळलं तेही अपघाताने. बोस्टनमध्ये ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन न घालताही पेशी वाढायला लागल्या. शोधता शोधता दोष सापडला प्लास्टिकच्या नळ्यांत: त्यांतून नोनिलफिनॉल झिरपत होतं. 1991 मध्ये त्यांनी ते छापलं. युरोपने पुढे हा घटक बऱ्याच वापरांतून काढून टाकला. आपल्याकडच्या स्टिकरच्या बाटलीवर आत नेमकं काय आहे ते वाचायला गेलो, तर अक्षरांपेक्षा केळीच्या घडाचं चित्र मोठं.

एवढ्याशाने काय होतं?

हा प्रश्न गावात प्रत्येकाने विचारला, आणि तो चांगला प्रश्न आहे. उत्तरासाठी आम्ही शेततळ्याचं गणित केलं, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं. तीस बाय तीस बाय तीन मीटरचं शेततळं, उतार धरून साधारण 22 लाख लिटर पाणी. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. त्यांतल्या 260 क्रमांकाच्या तळ्यात कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला 5 ते 6 नॅनोग्रॅम. आपल्या शेततळ्यात तेवढं प्रमाण आणायला किती लागेल? सुमारे 11 मिलिग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षा कितीतरी कमी. 30 मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांत मोजलं तर 370 च्या आतबाहेर.

नोनिलफिनॉलसारखी नक्कल करणारी रसायनं या गोळीतल्या इस्ट्रोजेनपेक्षा कित्येक पटींनी दुबळी असतात, तेव्हा हे गणित त्यांना जसंच्या तसं लावता येत नाही. पण पंपही काही मिलिग्रॅममध्ये धुतले जात नाहीत.

त्या कॅनडातल्या तळ्यात मासे मेले नाहीत. फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाच्या नरांच्या रक्तात बलकाचं प्रथिन दिसू लागलं, वृषणांची वाढ खुंटली, काहींच्या वृषणांत अंडपेशीही दिसल्या. मासा आयुष्याने लहान, दोन-चार वर्षांचा. नवी पिढी आलीच नाही, आणि बघता बघता त्याची तळ्यातली संख्या जवळजवळ शून्यावर आली. त्याच्यावर जगणाऱ्या मोठ्या ट्राउटचीही उपासमार झाली. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. इस्ट्रोजेन थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो परत वाढले. हा भाग मी आप्पांना मुद्दाम सांगितला.

फ्लोरिडातल्या अपोप्का तळ्याची गोष्ट मात्र मुलांनीच शोधून आणली, आणि ती वाचताना वर्गात शांतता झाली, कारण त्यात आपल्याच कपाशीचं औषध निघालं. 1980 मध्ये तळ्याकाठच्या कारखान्यातून डायकोफॉल सांडलं, डीडीटीच्या अंशासकट. पुढच्या काही वर्षांत तळ्यातल्या मगरींच्या (खरं तर मगरीच्या भावकीतल्या अॅलिगेटरच्या) पिल्लांची संख्या जवळपास नव्वद टक्क्यांनी घसरली. लुई गियेट यांनी 1994 मध्ये मांडलं त्याप्रमाणे, तिथल्या सहा महिन्यांच्या मादी पिल्लांमध्ये इस्ट्रोजेन वुड्रफ नावाच्या स्वच्छ तळ्यातल्या माद्यांच्या जवळपास दुप्पट होतं, तर नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन तिथल्या नरांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नर पिल्लांची लिंगं अपुरी वाढलेली होती. मोठ्या मगरी पाण्यात पसरलेल्या दिसतच होत्या. बांधावरून बघणाऱ्याला तळं आबादीआबाद.

आप्पांचा तलावही बांधावरून तसाच दिसतो. पाणकावळे पंख वाळवत बसलेले, खंड्या सूर मारतोय. या पक्ष्यांचंही ऐकायला हवं, कारण गाळातलं विष किड्यात, किड्यातलं माशात आणि माशातलं त्यांच्यात साठत जातं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांना बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटतात हे दिसलं. त्यांनी हौशी संग्राहकांच्या कपाटांतली जुनी कवचं तोलली आणि 1967 मध्ये दाखवून दिलं की डीडीटी बाजारात आल्यानंतर, म्हणजे 1947 च्या आसपासपासून, कवच सुमारे एक-पंचमांश पातळ झालं होतं. तेव्हाही कुणापुढे मेलेल्या ससाण्यांचा ढीग नव्हता. कुणाच्या तरी छंदाने ठेवलेली जुनी अंडी होती, म्हणून तुलना जमली. इथे सुतळ्या होत्या.

तीन तलाव

मुलांनी तुलनेसाठी वरचा तलाव निवडला, डोंगराच्या कुशीत, पावरा पाड्याजवळचा. तिथे ज्वारी, बाजरी, तूर, फवारणी नावापुरती. त्या पावसाळ्यात तिथे लाल गोळे दिसले. मुलं नाचायचीच बाकी राहिली. पण मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी म्हणाली, "सर, तिथे चिलापी पण नाहीये." सगळ्यांचे चेहरे पडले. तिचं म्हणणं बरोबर होतं. फवारणी नाही आणि चिलापीही नाही, मग श्रेय कुणाला द्यायचं?

मग चिलापी असलेला पण कपाशी नसलेला तलाव हुडकायला तीन आठवडे गेले. खान्देशात कपाशी नसलेली जागा शोधणं म्हणजे पंढरपुरात वारकरी नसलेली गल्ली शोधणं. शेवटी गायरानाच्या कडेला एक सापडला. चिलापी भरपूर, आणि भर श्रावणात मरळीचे दोन लाल गोळेही. म्हणजे एकटी चिलापी दोषी नाही. इथवर पाय टेकवता येतो. पण तो तलाव खोल आहे, काठाला गवतही दाट आहे, आणि तीन तलावांवरून खटल्याचा निकाल लागत नाही.

शिवाय एक शंका मलाच सुचली, आणि ती मी मुलांवर लादली. मरळीची अंडी पाण्यावर तरंगतात. स्टिकरचा तवंगही पाण्यावरच पसरतो. म्हणजे अंडी थेट त्या तवंगानेच मरत असतील तर? मग ते संप्रेरकाचं प्रकरण नाहीच, साध्या विषबाधेचं झालं, फक्त बळी इतका लहान की कुणाला दिसत नाही. आप्पांच्या दृष्टीने दोन्हींत फरक शून्य. उपायाच्या दृष्टीने फरक मोठा, कारण तवंग एका पावसात वाहून जातो, गाळातलं डीडीटी जात नाही.

निर्णय करायचा तर नरांच्या रक्तात बलकाचं प्रथिन शोधायला हवं. नरात ते नसल्यात जमा असतं; सापडलं तर दवंडी खोटी, हे नक्की. नेमकी चाचणी महाग, आणि प्रत्येक जातीच्या माशाला वेगळी सामग्री लागते. पण एक जुनी, गरिबाची पद्धत आहे. या प्रथिनाला फॉस्फेट चिकटलेलं असतं, ते अल्कलीत सुटतं, आणि त्याचा रंग साध्या कलरीमीटरवर वाचता येतो. रसायनशास्त्राचे सर तयार झाले. पहिल्या खेपेला आम्ही बांधावर रक्त काढलं, बर्फ कमी नेला, कॉलेजात पोचेपर्यंत निम्म्या नळ्यांत रक्त फुटून लाल पाणी झालं होतं. आकडे आले तेही असे विखुरलेले की त्यांच्यावरून काही बोलणं म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाकडून चिठ्ठी काढून घेणं. वृषणांच्या काचपट्ट्या तेवढ्या चांगल्या निघाल्या. त्यांत वावगं काही दिसलं नाही. मुलांची निराशा झाली. मी त्यांना प्रकल्पात ते जसंच्या तसं लिहायला लावलं.

एका मुलाने तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगितलं की संप्रेरकाने माशाचं लिंग बदलतं हे मासळीच्या धंद्याला कधीचंच ठाऊक आहे: चिलापीच्या पिल्लांना तीनेक आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन घातलेलं खाद्य देऊन सगळे नर तयार करतात, कारण नर लवकर वाढतो. मग तेच रसायनांनी नकळत झालं तर एवढं आश्चर्य का? परीक्षक हसले. गुण चांगले दिले.

पुढे

पंप धुण्याचं मात्र निकालाची वाट न बघता बदललं, आणि ते आमच्या व्याख्यानाने झालं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला सगळे सांडव्यावर जमले असताना आप्पांनी एवढंच विचारलं की ज्या पाण्यात पंप धुता त्यातच बैल पाजता का. पुढच्या आठवड्यात तलावापासून लांब, शेताच्या वाटेवर, तोटी लावलेला एक ड्रम आला. त्याच्याशेजारी मुरूम भरलेला खड्डा, त्यातच पंप धुवायचा. सगळे तिथे धुतात असं नाही. माझा माजी विद्यार्थी धुतो, निदान मी बघत असताना.

दुसऱ्या खेपेच्या रक्ताच्या नळ्या यंदा भरपूर बर्फात, आषाढातच गोळा केल्या आहेत. रसायनशास्त्राच्या सरांच्या फ्रीजमध्ये आहेत.

परवा आप्पांकडे गेलो. यंदाची सुतळी आढ्याला लावलेली नव्हती, खुंटीवर होती. तिला एक गाठ दिसली. मी हात लावला तर ती सैल होती, नुसती सरकफाशी. आप्पा म्हणाले, गोळा लांबून दिसला, जवळ जाईपर्यंत पाऊस आला. मरळीचा होता की तिच्या भावकीतल्या दुसऱ्या माशाचा, ते कळलं नाही. परत दिसला तर आवळतील.